ठिपक्याखालची रेघ

स्लिपमध्ये झेल सुटला की गोलंदाज कपाळाला हात लावतो, क्षेत्ररक्षक स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहतो आणि मी वहीत एक ठिपका देतो. धाव नाही, बळी नाही. वहीच्या लेखी काही घडलेलंच नाही. आझाद मैदानावरच्या तंबूत बसून असे किती ठिपके दिले, देव जाणे.

अलीकडे वहीशेजारी लॅपटॉप आलाय. मुलांचे आकडे भरायचे, प्रोग्रॅम क्रमवारी लावतो, ती निवड समितीपुढे जाते. सुरुवातीला मला रागच आला. माझा एक लाडका फलंदाज होता. त्याचा कव्हर ड्राइव्ह बघायला शेजारच्या सामन्यातले पंचही मान वळवायचे. यंत्राने त्याला खाली ढकललं. तावातावाने दोन हंगामांच्या वह्या उघडल्या, तर पोरगा दर वेळी विशी गाठून त्याच ड्राइव्हवर बाद झालेला. माझंच अक्षर, पण मी ते कधी वाचलंच नव्हतं.

यंत्र मात्र वहीतलंच वाचतं, वहीबाहेरचं त्याला कळत नाही. मुंबईतली कांगा लीग स्पर्धा १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू छातीवर येतो, पुढचा घोट्याशी सरपटतो. चौकार वाढलेल्या गवतात अडकून एक धाव देतो. तिथल्या तीस धावा आणि मार्चमधल्या पाटा खेळपट्टीवरच्या तीस, यंत्राला सारख्याच. कुणीतरी फरक सांगावा लागतो, आणि सांगणारा म्हणजे शेवटी तंबूतला स्कोअरर.

एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचं नाव असंच यादीच्या तळाला गेलं होतं. त्याच्या चेंडूवर किती झेल सुटले ते मला आठवत होतं, पण आठवण कुठल्या रकान्यात भरणार? त्या दिवसापासून सुटलेले झेलही टिपू लागलो. पुढच्या यादीत तो बराच वर सरकला.

पण ज्याला खेळायलाच मिळालं नाही, त्याचं काय टिपणार? फेब्रुवारी १९८८ मध्ये याच आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज पॅड बांधून ताटकळत होता: अमोल मुजुमदार. त्या डावात त्याच्या नावावर शून्यसुद्धा नाही. सहा वर्षांनी त्याच मुलाने रणजी पदार्पणात २६० धावा काढल्या. आमच्याकडेही तेच: सातव्या क्रमांकावर खेळणाऱ्या पोराला आम्ही बॅटिंग देत नाही, मग धावा कमी म्हणून यंत्र त्याला मागे टाकतं, आणि मग आम्ही म्हणतो, बघा, आकडेही तेच सांगतात! हा दोष यंत्राच्या माथी मारणं मला पटत नाही. संघ लावणारे आम्हीच.

मैदानात वही घेऊन बसणाऱ्यांना एक विनंती. झेल सुटला तर ठिपक्याखाली बारीक रेघ मारा. गोल नको, तो नो-बॉलचा.