बाजेखालचा तारकागुच्छ

पालोमार-4 मी कधी पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास तो आमच्या आर्णीवर, जवळपास डोक्यावरच असतो. पण डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही तो सुमारे दोन हजार पट फिका आहे. बस स्टँडचे दिवे गेले तरी फरक पडणार नाही! 1949मध्ये एडविन हबलला तो सापडला, तोही फोटोच्या काचेवर. पुढे काही काळ ती वेगळी, छोटी दीर्घिकाच असावी असंही वाटत होतं. निघाला आपल्याच आकाशगंगेचा गोलाकार तारकागुच्छ, अगदी शिवेवरचा. आकाशगंगेची तबकडी साधारण 1 लाख प्रकाशवर्षं रुंद. हा आपल्यापासून सव्वातीन लाखांहून जास्त दूर.

आजीला आता सप्तर्षीही दिसत नाहीत. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात आहे. मला सप्तर्षी दाखवले तिनेच. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांकडून हीच गोष्ट नोंदवलेली वाचली, तेव्हा आजीचा अभिमानच वाटला.

थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. तेव्हा ती विचारते, "चोरायनं नेली काय रे बाज?"

"नाही आजी, तिथंच हाय."

एकदा तिला पालोमार-4 सांगितला. बाजेच्या बराच खाली, सिंह राशीच्या बाजूला.

"तुले दिसते काय?"

"नाही."

"मले बी नाही. सांग मंग."

सांगितलं. सगळे तारे मिळून वजन जेमतेम 30 हजार सूर्यांएवढं, तेही विरळ पसरलेले.

"मंग पांगत काऊन नाहीत?"

हवाईतल्या केक दुर्बिणीने हेच तपासलं होतं. त्यातल्या ताऱ्यांच्या वेगांत एकमेकांशी फरक सेकंदाला एक किलोमीटरपेक्षाही कमी. आपली पृथ्वी सूर्याभोवती तीसच्या वेगाने पळते. एवढ्या मंद चालीच्या ताऱ्यांना धरून ठेवायला थोडं गुरुत्वाकर्षणही पुरतं.

"हळू चालतात म्हणून," मी म्हटलं.

पाच मिनिटं झाली होती. तिने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. "बरं. तू चोरायकडं ध्यान ठेव."