दिवाळीची सुट्टी आणि पेढीचा हंगाम

मुलांची दिवाळीची सुट्टी आणि बारामती-इंदापूरच्या पेढ्यांवरील गर्दीचा हंगाम एकाच वेळी येतो. म्हणूनच खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ची सहल अनेक घरांत दरवर्षी पुढे ढकलली जाते. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानातही याच दिवसांत गर्दी उसळते. तेव्हा वहीपूजन व भाऊबीज आटोपल्यावर, शाळा उघडण्यापूर्वीचा मंगळवार किंवा बुधवार निवडावा. बारामतीहून पुणेच सुमारे शंभर किलोमीटर. आदल्या रात्री तेथे नातलगांकडे मुक्काम करावा. तिकिटे आधीच काढावीत. कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी त्याआधीच्या जेवणाची सोय ठरवून ठेवावी. एक दिवस गादी मुनीमजींवर सोपवावी. हंगाम पुन्हा येईल, मुलांचे हे वय नाही.