राजधानीचे दर्शन

राजधानी पाहावयाची म्हणजे पदरी पैसा हवा, असा एक समज आहे. तिकिटे, वाहने आणि भोजन यांचा हिशेब मांडता मांडताच पुष्कळांचे पाय घरात अडकतात. परंतु जुन्या राजधानीत दोन प्रकारच्या वास्तू असतात. काही राजाच्या निवासासाठी बांधलेल्या, तर काही प्रजेच्या उपयोगासाठी. ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्यास पहिल्या वास्तू बहुधा दुरूनच पाहाव्या लागतात. दुसऱ्या मात्र त्याच्यासाठीच उभ्या असतात.

तळेरे हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गाव. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथे फुटतो आणि वैभववाडीवरून करूळचा घाट चढून गगनबावड्यास पोहोचतो. याच रस्त्याने तळेऱ्याची एक आजी आणि तिचा अकरा वर्षांचा नातू कोल्हापुरास निघाली. आजीने पंच्याहत्तरी ओलांडली होती. २०२२ साली सुरू झालेल्या सवलतीमुळे तिला एस.टी.चे भाडे पडत नव्हते. नातवास अर्धे तिकीट होते. आजीच्या कनवटीला दोनशे रुपये आणि पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या व खोबऱ्याची चटणी, एवढीच प्रवासाची सामग्री. घरी थोरला नातू बारावी होऊन बसून होता. शहरात शिकावयाचे तर राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय, या प्रश्नापुढे त्याच्या वडिलांची मती कुंठित झाली होती.

कोल्हापूर ही करवीर राज्याची राजधानी. १९४९ साली हे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. रंकाळ्याजवळ उतरून दोघे पायीच निघाली. अंबाबाईच्या देवळातील काळ्या दगडावरचे कोरीवकाम नातू मान उंच करून पाहत राहिला. आजीने देवीपुढे हात जोडले. काय मागितले ते तिने सांगितले नाही. पुढे भवानी मंडपाच्या सावलीत त्यांनी भाकरी सोडली. नव्या राजवाड्यातील संग्रहालय पाहण्याची नातवास फार हौस होती. परंतु तिकीट आणि रिक्षाभाडे यांची बेरीज वहीत मांडून त्याने तो बेत मुकाट्याने सोडून दिला.

जवळच खासबागेचे कुस्तीमैदान आहे. छत्रपती शाहू महाराजांनी ते बांधविले व १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्ये आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक. सर्वांत मागे बसलेल्या माणसासही कुस्ती दिसावी, अशी तेथील रचना आहे. नातू अगदी वरच्या टोकाला जाऊन बसला आणि त्याने खात्री करून घेतली.

परतीच्या वाटेवर दसरा चौक लागला. तेथे आणि आसपास जुन्या वसतिगृहांच्या इमारती आहेत. खेड्यातील हुशार मुलगा बुद्धीने कमी पडत नाही. शहरात निवारा आणि दोन वेळचे अन्न मिळत नाही म्हणून तो मागे फिरतो, हे महाराजांनी ओळखले होते. त्यांच्या प्रेरणेने व साहाय्याने १९०१ साली मराठा व जैन, १९०६ साली मुस्लिम, तर १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. अशी आणखीही कित्येक निघाली. १९१७ साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

नातवाने हे सारे पाठ्यपुस्तकात वाचले होते. पण एका खिडकीत वाळत घातलेला सदरा आणि शेजारी उघडे पुस्तक दिसले, तेव्हा तो थबकला. त्याने आजीला त्या इमारतीचा इतिहास सांगितला. आजी बराच वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिली.

“राजान इतकी घरा बांधल्यान, ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी!” ती म्हणाली.

मग तिने नातवास धीर देऊन आत पाठविले. थोरल्या भावासाठी अर्ज केव्हा करावयाचा, कागद कोणते लागतात आणि खर्च किती येतो, हे तो विचारून आला. वहीत एका बाजूस दिवसभराचा खर्च लिहिलेला होता. त्याच्यासमोरच्या कोऱ्या पानावर त्याने ही सारी माहिती ठळक अक्षरांत उतरविली आणि वही आजीच्या पिशवीत, भाकरीच्या रिकाम्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवली.