आधी कौल, मग रीप

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी न्हाणीघरातले पितळी घंगाळ उचलून पलंगाच्या पायथ्याशी ठेवले. घरातल्या दोन्ही बादल्या आधीच गळतीखाली लागल्या होत्या. ही २०१८च्या जुलैमधली गोष्ट. डोंबिवलीतल्या त्या बारा बिऱ्हाडांच्या जुन्या इमारतीवर मंगलोरी कौले होती. सोसायटीच्या सचिव असलेल्या बाईंना त्या रात्री वरून बोलावणे आले.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दुसरे कोणी तयार होईना म्हणून सचिव झालेल्या. (अशी निवड झालेली माणसेच बहुधा काम करतात.) टॉर्च घेऊन त्यांनी माळ्यावर डोके घातले. फुटकी कौले थोडीच होती. पण ज्या लाकडी रिपांवर कौले टेकतात त्याच वाळवीने पोखरून वाकल्या होत्या. ओळी सरकून फटी पडल्या होत्या. दरवर्षी मेमध्ये कोणीतरी वर चढून चार कौले बदलायचा आणि त्याच्या पायाखाली आणखी चार तडकायची.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्या डोक्यावर दोन मजले आहेत, बाई. आम्ही कौलांचे पैसे का द्यायचे?"

त्यांचे अगदीच चुकले नव्हते, त्यांच्या घरात थेंबही पडत नव्हता. बाईंनी आदर्श उपविधी वाचून दाखवले. छपराची दुरुस्ती आणि पावसाची गळती हा सोसायटीचाच खर्च. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी जमवायचे असतात. जमले होते त्याहून बरेच कमी, कारण वर्गणीचा विषय निघाला की नेमका चहा यायचा.

काका गप्प बसले, पण पटल्यासारखे दिसेनात. दुसऱ्या दिवशी बाई रिपेचा एक तुकडा घेऊन त्यांच्या दारात गेल्या. काकांनी तो हातात धरला तर बोटांनीच चुरा झाला. चौरस मीटरला साधारण १५ कौले, कौलाचे वजन सुमारे अडीच किलो आणि छप्पर ३६० चौरस मीटर. बाईंनी पाटीवर मांडावा तसा हिशेब सांगितला, "साडेतेरा टन होतात, काका. पडले तर मजला विचारून पडणार नाही."

जादा वर्गणी मंजूर झाली.

कोणी पत्रे सुचवले. हलके आणि झटपट, हे खरेच. पण उन्हात तापणारे आणि पावसात ताशे वाजवणारे पत्रे वरच्या मजल्याला नको होते. तीन कोटेशने आली. सर्वांत स्वस्त कोटेशनात रिपांचा, परातीचा आणि ताडपत्रीचा उल्लेखच नव्हता. ते बाईंनी बाजूला ठेवले. ज्याचे घेतले, त्याच्याकडून दोन अटी लिहून घेतल्या. संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढेच छप्पर सकाळी उघडायचे, आणि शेवटचे दहा टक्के पैसे एक पावसाळा गेल्यावर.

खरे भांडण पुढेच होते. मंगलोरला बासेल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला. पुढे असे कारखाने पुष्कळ निघाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा निराळा. एकाच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. म्हणून जुन्यात नवी मिसळायची नाहीत, असे मिस्त्रीने बजावले. रिपांमधले अंतरही कौल पाहून ठरते, त्यामुळे आधी कौल आणायचे, मग रीप ठोकायची. ठरले असे की वाऱ्यापावसाचा मार खाणाऱ्या पश्चिमेच्या उतारावर सगळी नवी आणि पूर्वेच्या उतारावर जुन्यातली निवडलेली.

पूर्वेकडचे घर एका तरुण जोडप्याने नुकतेच कर्ज काढून घेतले होते. तो चिडून आला. "वर्गणी सारखी आणि जुना माल आमच्या डोक्यावर?"

बाईंनी वाद घातला नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये कौले खाली उतरली, तेव्हा एका रविवारी त्याला अंगणात बोलावले. मिस्त्री एकेक कौल उभे धरून बोटाच्या पेराने वाजवत होता. चांगले कौल खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. तासाभराने तो तरुण स्वतःच मांडी घालून बसला आणि खडूने फुल्या मारू लागला. पूर्वेला २,७०० लागणार होती. संध्याकाळपर्यंत त्याने निम्मीही तपासली नव्हती. पुढचे दोन रविवार त्याची बायकोही आली. नवऱ्याने पास केलेली बरीच कौले तिने नापास केली. शेवटी १४० कमी पडली. ती मिस्त्रीने त्याच छापाची, एका पाडलेल्या वाड्यातून आणून दिली.

त्या वर्षी पाऊस उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि आल्याआल्या झोडपू लागला. पहिल्याच रात्री आजींच्या खोलीत, आढ्याखाली, एक थेंब पडला. राखलेल्या दहा टक्क्यांनी काम केले. मिस्त्री दुसऱ्या दिवशी हजर झाला आणि पावसाने उघडीप देताच आढ्यावरच्या कौलांचा सांधा पुन्हा भरून गेला.

आजींनी घंगाळ मात्र गणपतीपर्यंत पलंगाशीच ठेवले. कोरडेच होते ते. पण रात्री जाग आली की त्या हात घालून बघत.