आधी कारण, मग पार्ट

कोल्हापूर,
मंगळवार

चि. बाळ्या,


काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू विचारलंस एवढंच, की दादांच्या झेनवर 40,000 खर्च करावेत की ती भंगारात द्यावी. पण बोलता बोलता जे सांगून गेलास, ते माझ्या डोक्यातून जात नाही. आंबा घाट चढताना काटा लालमध्ये गेला, तू गाडी बाजूला घेतलीस, बॉनेट उघडलंस, रुमालाने धरून रेडिएटरचं झाकण फिरवलंस आणि प्यायच्या पाण्याची बाटली आत ओतलीस. सूनबाई शेजारी, चिमी तिच्या कडेवर. अरे, काय केलंस हे!

रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या पुढे जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि सगळं तोंडावर उसळतं. त्यात झेनचं इंजिन ॲल्युमिनियमचं. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते वाकतं, कधी तडकतं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं वाकलं तरी गॅस्केट धरत नाही. पुन्हा असं झालं तर एसी बंद कर, हीटर फुल कर, कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. मग गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर, आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नकोस. पोरीला दूर उभी कर.

आणि शाहूवाडीच्या मलकापूरपर्यंत आलास, तिथून कोल्हापूर किती लांब? तापलेली गाडी घेऊन कऱ्हाडकडे वळलास, पण काकाच्या दारात आणली नाहीस. ते असो.

आता तुझ्या गॅरेजवाल्याचं. बॉनेट वर केलं, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. कदाचित त्याचं बरोबरही असेल, विशेषतः तू गार पाणी ओतल्यावर. पण त्याने तपासलं काय? कॉम्प्रेशन घेतलं? प्रेशर टेस्टर लावला? तू म्हणतोस, काही नाही. मग 40,000 कशाचे? बाळ्या, जुनी गाडी किलोमीटरने मरत नाही. कारण न शोधता पार्ट बदलत गेलं की मरते. पहिला पार्ट बदलून फरक पडत नाही, म्हणून दुसरा बदलतात, मग तिसरा. शेवटी मालक कंटाळतो आणि गाडीलाच नावं ठेवतो.

तूच सांगितलेल्या दोन गोष्टी नीट बघ. एक, हायवेला जाताना आणि येताना काटा मध्येच होता, वर गेला तो फक्त घाटात. हायवेला समोरून वारा मिळतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावत असतं आणि वारा जवळपास नसतो, सगळा भार रेडिएटरच्या फॅनवर. तेव्हा फॅन फिरत होता का? फॅनचा स्विच, रिले, मोटरचे कार्बन ब्रश, यांतलं काही गेलं असेल तर नेमकं हेच होणार. रेडिएटर अर्धा तुंबला असेल तरी असंच होईल. दोन, झाकण उघडल्यावर फवारा आला नाही. म्हणजे पाणी आधीच कमी होतं आणि दाब टिकत नव्हता. मग ते गेलं कुठे? खालचा होज पाईप ओला आहे का, वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट ओघळ आहे का, आणि सगळ्यात आधी, झाकणाच्या आतला रबर चिरला आहे का? झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं, बाहेर पडतं आणि परत आत येत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या त्या झाकणापासून सुरुवात करायची. स्वस्तातलं आधी, महागातलं शेवटी.

गॅस्केटची खात्रीही तुला घरी करता येईल. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढ, इंजिन चालू कर आणि आत बघत राहा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी शांत असायला हवं. बुडबुडे सतत येत राहिले, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, किंवा गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबला नाही, तर गॅस्केट. मग हेड उतरवून इकडे पाठव. इथल्या उद्यमनगरात हेडवर सरळपट्टी ठेवून, खाली फीलर गेज घालून आधी मापतील, आणि मगच फेसिंग करतील.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकू देऊ नकोस! आपल्याकडे उष्णता फार, त्याची गरज नाही, असं तुला सर्रास ऐकवतील. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइल लवकर खराब होतं, आणि खरा दोष झाकला जातो.

दादांची गाडीच्या दुरुस्त्यांची वही तुझ्याकडेच आहे ना? तारीख, रीडिंग, काय केलं, एवढं तर पुष्कळजण लिहितात. दादा चौथा रकाना ठेवत, ‘का’. ‘अल्टरनेटर उघडला. का: बॅटरीचा दिवा मंद लागत होता. ब्रश झिजलेले, बेअरिंग ठीक.’ आज अल्टरनेटर म्हटलं की अख्खा बदलतात. पितळी रेडिएटरला झाळ देणारे हात दिसेनासे झाले, कारण आता रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि टाकी प्लॅस्टिकची. ते समजू शकतो. पण शोधायची वृत्तीच जाते आहे, त्याचं मला फार वाटतं. गाडीतच असं नाही, तुमच्या घरातला मिक्सर बंद पडला तेव्हाही उघडून न बघता नवा आणलात. दादा गेल्यापासून वहीत एक ओळ नाही, हे तूच कबूल केलंस. आज संध्याकाळी बसून आठवेल तेवढं लिहून काढ.

मीटर अडीच लाखांच्या घरात गेलं म्हणून घाबरू नकोस. त्यातले बहुतेक किलोमीटर पुणे-कोल्हापूरचे, तापलेल्या इंजिनाने एका लयीत कापलेले. रोज सकाळी गार इंजिनाने दोन किलोमीटर जाऊन थांबणारी गाडी त्याहून जास्त झिजते. मला भीती आहे ती वर्षांची. 2003 ची गाडी. रबर न चालवताही म्हातारं होतं. टायमिंग बेल्ट लाखभर किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षं, जे आधी येईल ते. पेट्रोलचे रबरी पाईपही बघून घे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाडीतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी काढायची नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, त्याचे क्षार आत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही.

भंगाराचं विचारलंस म्हणून सांगतो. पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या बैठकीला, जॅक लावतात तिथे आणि खालच्या पत्र्याला गंज खात असेल, पेचकस टोचल्यावर आत जात असेल, तर मीच म्हणेन, दे. इंजिन पुन्हा उभं करता येतं, कुजलेली बॉडी नाही. तोवर घाई नको. पासिंग 2028 पर्यंत आहे.

पण हे सगळं लिहिताना माझं मन दुसरीकडेच आहे. येत्या शनिवारी पोरीला घेऊन महाबळेश्वरला जायचं म्हणतोस. ब्रेक ऑइल कधी बदललंस? ते हवेतला ओलावा ओढत राहतं. डॉट 3 चं नवं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर 140 लाच उकळू शकतं. पसरणीचा घाट उतरताना सारखा पाय ब्रेकवर ठेवलास आणि पेडल एकदम खाली गेलं तर? चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे दादांनी शिकवलेलं विसरला नाहीस ना? आणि टायर! ते दादांच्या वेळचेच. नक्षी भरपूर आहे म्हणालास, पण रबर कडक झालं असेल तर नक्षीचा उपयोग नाही. टायरच्या बाजूला डॉट अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. स्टेपनीवरचेही बघ.

हे होईपर्यंत महाबळेश्वर एसटीने करा, सूनबाईला माझं नाव सांग. गॅरेजवाल्याला अजून होकार देऊ नकोस. पाचही टायरचे आकडे मला आजच कळव, मी वाट बघतोय.

तुझा,
काका