एकच रेघ

आमचे अब्बा कल्हईवाले. भाता, कथलाची कांडी, नवसागराची पुडी आणि कापसाचा बोळा सायकलवर बांधून ते देवळी, पुलगाव, आर्वीपर्यंतचे बाजार करत. शाळेला सुट्टी असली की भाता ओढायला मी सोबत असे. भांडे तापले की अब्बा नवसागर टाकत, पांढरा धूर उठे आणि बोळा फिरला की काळपट पितळेवर चांदीसारखा थर चढे. लोकांना ती चमक दिसे. अब्बांचा निम्मा वेळ मात्र त्याआधीच्या घासण्यात जाई. "चमक आणणं सोपं आहे. खाली मळ राहिला तर कल्हई धरत नाही," ते म्हणत. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. पण धातूच्या पृष्ठभागाचा पहिला धडा मला अब्बांनीच दिला.

२०२१ च्या पावसाळ्यात तो धडा पुन्हा आठवला. आमच्या मोहल्ल्यात डेंग्यूचे रुग्ण निघत होते. आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ताप आला. पाचव्या दिवशी भाच्याने तिचे रक्त तपासून घेतले आणि पट्टीचा फोटो मला पाठवला. दोन रेघा उमटल्या तर डेंग्यू. इथे एकच होती, चाचणी नीट झाली हे सांगणारी. घरातला विज्ञानाचा मास्तर मीच. मी ठामपणे सांगितले, "डेंग्यू नाही, काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आपा उठून स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांना हायसे वाटले. संध्याकाळी तिचे पोट दुखू लागले, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. भाच्याने मला विचारत बसण्याऐवजी तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेले. प्लेटलेट खूप खाली गेल्या होत्या, रक्त घट्ट झाले होते. दुसऱ्या तपासणीत डेंग्यूच निघाला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त सांभाळायचे असते. आणि त्यांनी विचारले, "यांना पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का?" काही वर्षांपूर्वी आपाने हाडे मोडणारा ताप घरातच काढला होता. तेव्हा कोणी तपासणी केली नव्हती.

आपा चार दिवसांनी घरी आली. अल्लाहचे आभार आम्ही मानलेच, पण माझी झोप उडाली ती माझ्या त्या ठाम वाक्याने. पट्टी खोटे बोलली नव्हती. ती काय म्हणते, हे मला समजले नव्हते.

डेंग्यूचा विषाणू आपल्या पेशीत शिरला की पेशी एनएस१ नावाचे एक प्रथिन रक्तात सोडू लागतात. पट्टी तेच शोधते. तिच्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, काही दशक नॅनोमीटर आकाराचे. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. प्रत्येक कणाला एनएस१ पकडणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. प्रथिन असेल तर कण त्याला धरून पुढे सरकतात आणि रेघेच्या जागी अडकतात. खूप कण जमले की लाल रेघ दिसते.

ही लाल रेघ सोन्याची आहे, हे मी अब्बांना सांगितले तेव्हा ते हसले. "सोनं लाल कधीपासून झालं?" पण ते होते. एवढ्या बारीक कणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन एकदम झुलू लागतात, ठराविक रंगाचा प्रकाश गिळतात आणि उरलेला लाल दिसतो. मायकेल फॅरडेने १८५७ मध्येच सोन्याच्या अशा लाल द्रावणाचा अभ्यास केला होता. म्हणजे खेड्यातल्या लॅबमधली ती स्वस्त पट्टीसुद्धा धातू आणि प्रकाशाच्या याच नात्यावर चालते.

अडचण अशी की कण थोडे असले तर डोळ्याला रेघ दिसत नाही. इथे दर २८ फेब्रुवारीला मी मुलांना सांगतो ती गोष्ट कामाला येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात दाखवले की पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा एक अगदी लहान भाग रंग बदलून येतो आणि तो बदल त्या रेणूची ओळख सांगतो. अंगठ्याच्या ठशासारखी. पण हा प्रकाश फार दुबळा. कोटभर प्रकाशकणांमागे एखादाच असा. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांनी चांदीचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केला, तर त्यावर चिकटलेल्या पिरिडीनचा रामन संकेत भलताच जोरदार मिळाला. खरबरीतपणामुळे जागा वाढली, म्हणून जास्त रेणू बसले, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवले की नुसत्या वाढलेल्या जागेचा हिशेब पुरत नाही. संकेत लाखो पटींनी वाढला होता. धातूच्या बारीक टोकांशी आणि फटींमध्ये प्रकाश गोळा होतो आणि तिथे बसलेल्या रेणूचा कुजबुजता आवाज मोठा होतो.

आता संशोधक हेच विषाणूंच्या प्रथिनांसाठी वापरू पाहतात. सोन्याच्या कणावर ठळक रामन संकेत देणारा रंग बसवायचा आणि पट्टीवर लेसर फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी रेघ यंत्र वाचते. मलेशियातल्या संशोधकांनी सुई न टोचता, लाळेतूनच एनएस१ ओळखता येईल का, याचा या पद्धतीने अभ्यास केला आहे.

अब्बांचा धडा इथे लागू पडतो. रक्तात एनएस१ एकटे नसते. अल्ब्युमिनसारखी दुसरी प्रथिने कितीतरी पटींनी जास्त असतात आणि तीही धातूला चिकटून जागा अडवतात. मळावर कल्हई धरत नाही, तसेच हे. शिवाय एकाच दिवशी घडवलेल्या दोन पट्ट्यांवर फटी सारख्या नसतात, म्हणून आकडेही सारखे येत नाहीत. चांदी हवेत काळी पडते. वातानुकूलित खोलीत चालणारे यंत्र वर्ध्याच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चालले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ज्याला डेंग्यू दुसऱ्यांदा होतो, त्याच्या रक्तात जुन्या आजाराच्या अँटिबॉडी लवकर वाढतात आणि एनएस१ ला घेरून टाकतात. प्रथिन असते, पण झाकलेले. पट्टीला ते पकडताच येत नाही. आपाच्या बाबतीत बहुधा हेच झाले. तिथे नुसता प्रकाश वाढवून भागत नाही. आधी ते वेढे सोडवावे लागतात. कमी असलेले दिसायला प्रकाश हवा, झाकलेले दिसायला वेगळी युक्ती हवी.

रोगाऐवजी त्याचे प्रथिन शोधण्याचा विचार आमच्या जिल्ह्याला नवा नाही. हत्तीपायाचे बारीक कृमी रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार फिरून झोपलेल्या माणसांना उठवत आणि बोटातून रक्त घेत. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधन केंद्रात या रोगाच्या अँटिजनवर अनेक वर्षे काम झाले. अशा चाचण्यांचा साधा फायदा हा की कृमीने सोडलेले प्रथिन दिवसाही सापडते. माणसाची झोपमोड वाचते. मला चांगल्या चाचणीची हीच कसोटी वाटते: तिने शेवटच्या घरातल्या माणसाचा त्रास किती कमी केला?

अब्बा आता थकले आहेत. स्टीलच्या भांड्यांनी त्यांचा धंदा कधीच संपवला. गेल्या पावसाळ्यात भाच्याने पुन्हा एका पट्टीचा फोटो पाठवला, या वेळी शेजारच्या मुलाचा. एकच रेघ. मी लिहिले, "तापाचा कितवा दिवस? आधी कधी झाला होता का? ताप उतरला तरी दोन दिवस लक्ष ठेवा. पोट दुखलं, उलटी झाली, हातपाय गार लागले तर थांबू नका." मग आठवले आणि आणखी एक ओळ टाकली: "पट्टीला दिसलं नाही, एवढंच तिने सांगितलंय."