तीन सामन्यांचा हंगाम

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आमच्या राज्यातील दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा शिल्लक राहिला होता. तो पुढे रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले गेले. माझा धाकटा भाऊ त्याच तुकडीतला. न लिहिलेल्या पेपराचे गुण त्याच्या गुणपत्रिकेवर आजही छापलेले आहेत. आजच्या धाग्यातील गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. येथे सामने झाले, हजारो लोकांनी पाहिले, गोल मोजले गेले आणि मग ते सारे नोंदींतून वगळले गेले.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा १९३९-४० चा हंगाम २६ ऑगस्ट १९३९ रोजी सुरू झाला. पहिल्या विभागात २२ संघ होते आणि प्रत्येकाला ४२ सामने खेळायचे होते. खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक असलेच पाहिजेत, हा लीगचा नियमही याच हंगामापासूनचा. १ सप्टेंबरला, शुक्रवारी, जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. शनिवारी ठरल्याप्रमाणे सामने झाले. रविवारी सकाळी सव्वाअकराला पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध सुरू झाल्याचे सांगितले. गर्दी जमेल अशा सर्व करमणुकी सरकारने बंद केल्या आणि लीगही थांबली.

त्या क्षणी तीनही सामने जिंकून, ६ गुणांसह, ब्लॅकपूल अव्वल स्थानी होता. इंग्लंडचे विजेतेपद या संघाला त्याआधी कधी मिळाले नव्हते, नंतरही मिळाले नाही. अर्थात तीन सामन्यांवर कोणी विजेता ठरवत नाही, आणि ब्लॅकपूलवर अन्याय झाला असे मलाही वाटत नाही. पहिल्या महायुद्धात लीगने १९१४-१५ चा हंगाम शेवटपर्यंत रेटला होता व त्यापायी पुष्कळ टीका सोसली होती. त्या मानाने या वेळी थांबणे शहाणपणाचेच होते. माझी तक्रार थांबण्याविषयी नाही, पुसण्याविषयी आहे.

त्या शनिवारी आर्सेनलने संडरलंडला ५-२ असे हरवले. पाचांपैकी चार गोल एकट्या टेड ड्रेकचे. आर्सेनलसाठी त्याचे लीगमधील अधिकृत गोल १२४ मानले जातात. त्यांत हे चार नाहीत. एव्हर्टनच्या टॉमी लॉटनने तीन सामन्यांत चार गोल केले होते. तो तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता आणि आदल्या हंगामात त्याचा संघ विजेता ठरला होता. त्याचेही ते चार गोल हिशेबाबाहेर राहिले. स्पर्धा अपुरी राहिली म्हणून गुणतक्ता बाद करणे समजू शकते. पण चेंडू जाळ्यात गेला होता, हे अमान्य करण्याचे कारण मला सापडत नाही. गंमत अशी की हंगामापूर्वीच चषक जिंकून बसलेल्या पोर्ट्‌समथला कोणी हात लावला नाही. एफए चषक १९३९ पासून १९४६ पर्यंत, पुढची स्पर्धा होईतो, त्यांच्याकडेच राहिला.

दरम्यान फुटबॉल प्रादेशिक स्पर्धांच्या रूपाने चालू राहिले. खेळाडू फौजेत गेले आणि जिथे छावणी असेल तिथल्या संघाकडून पाहुणे म्हणून खेळू लागले. आर्सेनलचा डावा विंगर डेनिस कॉम्प्टन तर महू छावणीत येऊन पोहोचला. क्रिकेटपटू म्हणून तो आपल्याकडे अधिक परिचित आहे. होळकर संघाकडून १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर नाबाद २४९ धावा केल्या. सामना मुंबईनेच जिंकला. महायुद्ध तेव्हाही चालू होते, तरी त्या धावा रणजीच्या नोंदींत आहेत. नोंद ठेवायची की नाही हे युद्धाने ठरवलेले नसते, माणसांनी ठरवलेले असते, हे मला या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर कळले.

सगळेच परतले नाहीत. बोल्टनचा कर्णधार हॅरी गॉस्लिन युद्ध जाहीर होण्याआधीच, १९३९ च्या वसंतात, सहकाऱ्यांसह प्रादेशिक सेनेत दाखल झाला होता. डिसेंबर १९४३ मध्ये तो इटलीत मारला गेला.

३१ ऑगस्ट १९४६ रोजी लीग पुन्हा सुरू झाली. नवे वेळापत्रक आखण्याऐवजी लीगने १९३९ चेच वापरले. निकाल पुसले गेले होते, वेळापत्रक मात्र जपून ठेवलेले होते! त्यामुळे आर्सेनलचा पहिला सामना सात वर्षांपूर्वीप्रमाणेच वुल्व्ह्‌जच्या मैदानावर झाला. लॉटन आता चेल्सीत होता. ड्रेकचा खेळ पाठीच्या दुखापतीने आदल्या वर्षीच संपला होता. १९३९ मध्ये हा सामना २-२ असा बरोबरीत सुटला होता. १९४६ मध्ये आर्सेनल १-६ असा हरला. नोंदवहीत यांपैकी दुसराच निकाल आहे.